माझ्या नकाराचा पोवाडा

परवा स्टँडवरून मंगळवार पेठेत येताना रिक्षात ते गाणं लागलं. आधी डफावर थाप, मग तुणतुणं, आणि मग तो ओळखीचा भरदार आवाज. रिक्षावाला चांगला पन्नाशीचा मिशाळ गडी होता. सिग्नलला थांबल्यावर त्यानं आरशात माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "काय पाषाण बाई असंल हो ती, ताई! एवढ्या गुणी माणसाला न्हाय म्हणाली."

"असंल की," मी म्हटलं. "तुम्ही फुडं बघून चालवा."

ती पाषाण बाई मीच. आता हसू येतं, पण एक काळ असा होता की ते गाणं कानावर पडलं की मला हातातली वस्तू फेकावीशी वाटायची. गाणं म्हणजे रीतसर पोवाडाच, पण रडका. पोवाडा म्हटलं की गड आला, तलवार आली, घोडा आला. ह्याच्यात तसलं काही नाही. मुलगा मुलगी बघायला जातो, मुलगी नको म्हणते, संपलं. एवढ्याशा भांडवलावर त्या बहाद्दरानं कडव्यांवर कडवी रचली आणि अख्ख्या कोल्हापूरला रडवलं.

पण ही गोष्ट माझ्यापेक्षा माझ्या वडिलांची आहे, म्हणून आधी त्यांचं सांगते. आबा दिवसा उद्यमनगरात लेथ मशीनवर असायचे आणि संध्याकाळी शाहिरांच्या मागं. शाहीर आमच्याच पेठेतले, शेजारच्या गल्लीतले. पोवाड्यात शाहीर पुढं उभा राहून कथा सांगतो आणि मागचे दोघं त्याच्या ओळीचं टोक उचलून 'जी जी रं जी जी' म्हणतात. त्याला झील धरणं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं? पण तेवढ्या जी-जीत शाहिराला दम मिळतो, पुढची ओळ आठवते. झील पडली की पोवाडा पडला. आबा शाहिरांच्या उजव्या हाताला उभे राहायचे, मी जन्मायच्याही आधीपासून. लेथवर त्यांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं. पण फेटा बांधून, हातात झांज घेऊन त्या जागेवर उभे राहिले की आमचा आबा कुणीतरी असायचा. ती जागा म्हणजे त्या माणसाचा जीव होता, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तोटा एवढाच की घरी आल्यावरही त्यांचा जी सुटायचा नाही. आई विचारायची, "आमटीत मीठ कमी पडलंय व्हय?" आबा म्हणायचे, "जी." "का जास्त झालंय?" "जी." शेजारच्या काकांनी शिडी मागितली, जी. काकांच्या भावानं तीच शिडी मागितली, जी. मग दोघं भाऊ शिडीवरून आमच्या दारात भांडायचे आणि आबा मधे उभे राहून दोघांनाही जी म्हणायचे. आई कपाळावर हात मारून घ्यायची. "ह्या माणसाच्या तोंडात न्हाय हा शबुदच देवानं घातला न्हाय," ती म्हणायची, "आणि माझ्या पोरीच्या तोंडात दुसरा शबुदच न्हाय."

ते मात्र खरं होतं. मी डिप्लोमा करून शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागले होते. साच्यातून निघालेली ओतीव कास्टिंगं तपासायची, कुठं चीर गेलीय, कुठं पोकळ राहिलंय ते बघायचं आणि वाईट असेल ते नाकारायचं. म्हणजे दिवसभर नाही म्हणायचा मला पगार मिळत होता. घरी यायचे तेव्हा नखांत काजळी आणि नाकात वाळू.

अशात शाहिरांनी आबांजवळ शब्द टाकला. त्यांच्या मुलासाठी मला मागणी घातली. मुलगा गाणारा होता, बापाची गादी चालवणार होता, पेठेत त्याला सगळे 'धाकले शाहीर' म्हणायचे. दिसायला देखणा, आवाज असा की गल्लीत गायला लागला तर कुकरची शिट्टीसुद्धा लाजावी. आबांना आभाळ ठेंगणं झालं. आईनं तर मनातल्या मनात मांडव घालून टाकला.

एका रविवारी पावणं आलं. शाहीर, त्यांची बायको आणि धाकले शाहीर. मी चहा दिला आणि समोर बसले. माझं सगळं लक्ष मुलाच्या आईकडं होतं, का कुणास ठाऊक. गोरीपान, ठसठशीत कुंकू, आणि डोळे असे की ह्या बाईला खूप काही सांगायचं आहे असं वाटावं. त्या म्हणाल्या, "आमच्यात काय हाय, सकाळी उठलं की..."

"सकाळी उठलं की रियाज असतोय," मुलानं वाक्य पुरं केलं.

थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "मला बी लगनाआधी शाळंत..."

"शाळंत शिकवायची लई हौस हुती आईला," मुलगा म्हणाला आणि हसला. शाहीरही हसले. आबाही हसले.

तिसऱ्यांदा त्या माझ्याकडं वळून काहीतरी विचारायला लागल्या, तर मुलानंच विचारून टाकलं, "नोकरी सोडायची तयारी हाय न्हवं? त्या काजळीत बाईमाणसाचं काय काम?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानंच उत्तर दिलं, "सोडंल की. आमच्याकडं आल्यावर झील धरंल! रक्तातच हाय."

सगळे खदखदून हसले. ती आई हसली नाही. तिनं कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि गप्प पिऊन टाकला. माझं तिथंच ठरलं. माणूस वाईट नव्हता, उलट चांगला होता. दारू नाही, तंबाखू नाही, आईबापावर माया. पण मला समोर माझी पुढची सगळी वर्षं दिसली, बशीत ओतलेली.

पावणं उंबऱ्याबाहेर पडल्या पडल्या मी आईला सांगितलं, "मी न्हाय करत हे लगीन."

आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "कशापाय? काय वाईट हाय त्यात?"

"वाईट कायबी न्हाय. मला नको."

"नको म्हंजे? सोन्यासारखं स्थळ! आणि तुझ्या बापाचा इचार केलाईस काय? उद्या शाहिरांनी त्यास्नी मागं उभं केलं न्हाय, तर त्यो माणूस करंल काय? जगंल काय?"

हे ऐकून मी तिच्या हातातला ट्रे घेतला आणि आत निघून गेले. कारण ती खोटं बोलत नव्हती. मी नाही म्हटलं तर आबांची ती जागा जाणार, हे मलाही दिसत होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. सकाळी उठून मात्र आबांच्या समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "आबा, मला हे लगीन करायचं न्हाय. तुम्ही शाहिरांस्नी सांगून या."

आबांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उतरलं, पण रागावले नाहीत. म्हणाले, "जी."

आमच्याकडं नकार तोंडावर देत नाहीत. पत्रिका जुळत नाही म्हणायचं, मुलीला अजून शिकायचंय म्हणायचं, मधे एखादा मामा घालायचा. आईनं आबांना पत्रिकेचं सगळं पढवून पाठवलं. आबा गेले. तासाभरानं आले ते पायातल्या चपला न काढताच सोप्यावर बसले. आई म्हणाली, "काय म्हणाले शाहीर?"

"गुरुवारी सुपारी फोडायची म्हणत्यात," आबा म्हणाले.

मला आधी कळेचना. मग सगळं कळलं. आबा तिथं गेले, शाहिरांनी दारातूनच हाक दिली, "ये गड्या, पोरीला पोरगा आवडला न्हवं आमचा?" आबा म्हणाले, "जी." "मग गुरुवारी सुपारी फोडूया?" "जी." "तुझ्याच घरी ठेवू?" "जी." तोपर्यंत बर्फी आली. आबांनी बर्फी खाल्ली आणि आले.

"अवो, तुमास्नी न्हाय सांगायला धाडलंतं की वो!" आई किंचाळली.

"सांगणारच हुतो," आबा म्हणाले. "पण त्ये बोलायला लागले की माझं तोंड आपोआप..." आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. इतकं हसू येत होतं आणि इतकी कीव येत होती की माझं मलाच समजेना.

पण हसत बसून चालणार नव्हतं. गुरुवारी पानसुपारी आली असती तर मग सुटका नव्हती. मी तोंडावर पाणी मारलं, चप्पल घातली आणि म्हटलं, "मी सांगून येतो." आमच्याकडं पोरीबाळी 'येतो-जातो'च म्हणतात. आई मागून ओरडली, "एकटी जातीस? लाज हाय काय?" तोवर मी गल्ली ओलांडली होती.

शाहिरांच्या घरी सगळे होते, वर दोन-चार शेजारी बर्फी खात बसलेले. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "शाहीर, माफ करा. आबा सांगायला आलते, पण त्यास्नी जमलं न्हाय. मला हे लगीन करायचं न्हाय."

बर्फी खाणारी तोंडं थांबली. शाहीर म्हणाले, "तुझा बाप जी म्हणून गेलाय."

"त्यास्नी दुसरं येत न्हाय, शाहीर. तुम्हालाच म्हाईत हाय. पण माझं पहिल्यापासनं न्हायच हाय."

धाकले शाहीर लालबुंद झाले. "मग दिल्या शब्दाला काय किंमत?" ते म्हणाले. मी म्हटलं, "शब्द मी दिला न्हवता." आणि वळले. उंबऱ्यापाशी धाकल्यांची आई उभी होती. मी निघाले तेव्हा तिनं बाजूला सरकून मला वाट दिली, आणि मला उगीचच वाटलं, ती मनातून म्हणतेय, जा पोरी, पळ.

खरं सांगू? बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की घरी न जाता मी खासबाग मैदानाच्या कडेला एकटीच भेळ खात बसले. तिखट, भरपूर कांदा घालून. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातून येत होतं, आणि मी खात होते. सुटले, सुटले, सुटले, एवढंच डोक्यात होतं.

ते हलकेपण महिनाभरही टिकलं नाही. एक दिवस आईच्या मोबाइलवर मावशीनं व्हिडिओ पाठवला. धाकले शाहीर घरात बसलेत, हातात डफ, डोळे मिटलेले, आणि गातायत:

*मंगळवारात दार उघडं, उंबऱ्यावर रांगोळी,*
*हसून आम्हां पाणी दिलं, नजर केवढी भोळी!*
*दिला शब्द हो भरल्या घरी, सुपारीची झाली तयारी,*
*फिरला शब्द, अन् माघारी आली रिकामी माझी सवारी!*

आता पाणी मी दिलंच नव्हतं, आईनं दिलं होतं. आणि हसले तर मुळीच नव्हते. पण काय करता, गाणं चांगलं होतं! तेच खरं दुखणं. वाईट असतं तर लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. पण त्या पठ्ठ्याचा आवाज 'रिकामी' शब्दावर असा तुटायचा की माझी सख्खी मावशी फोनवर हुंदके देत म्हणाली, "कसं गं करवलं तुला?"

नाव नव्हतं माझं त्यात, पण मंगळवार पेठेत उंबऱ्यावर रांगोळी आणि पुढच्या कडव्यात आलेली झीलकऱ्याची पोरगी एवढं पुरेसं होतं. दुकानात गेले की बायका गप्प व्हायच्या. फाउंड्रीत साचे भरणारा एक मोल्डर दिवसभर तेच गुणगुणायचा, बिचाऱ्याला माहीत नव्हतं ती मी. माहीत झाल्यावर तो तेच शिट्टीवर वाजवायला लागला. मी त्याची दोन कास्टिंगं जास्त निरखून तपासली, नाही म्हणत नाही.

माझं मी सोसलं असतं. बोलणाऱ्याचं तोंड काय धरता येतं? पण मला सलत होते ते आबा. त्यांना अजून फडातून काढलं नव्हतं. शाहिरांना त्या वर्षी दम्यानं गाठलं आणि गाण्याची सूत्रं धाकल्यांच्या हातात आली, तरी आबा उजव्या हाताला उभे राहतच होते. मान खाली घालून, पण उभे होते. आणि मग पेठेतल्या तालमीचा, म्हणजे आमच्या मंडळाचा, वर्धापनदिन जवळ आला. धाकल्यांनी जाहीर केलं की ह्या वेळी नवा पोवाडा पूर्ण फडासकट म्हणायचा. म्हणजे डफ, तुणतुणं, झांज आणि झील.

झील म्हणजे आबा. लेकीनं शब्द मोडला असं तो चौकात गाणार, आणि मागं उभं राहून बापानं म्हणायचं, जी जी रं जी जी. व्हय, व्हय, खरं हाय.

आबा तालमीवरून आले तेव्हा आई म्हणाली, "न्हाय म्हणून सांगा की!" मी विचारलं, "धरणार काय झील?"

"धाकला म्हणाला, कला येगळी आणि घर येगळं," आबा म्हणाले. "नसंल जमत तर दुसरा गडी बघून ठेवलाय म्हणाला."

"मग?"

"धरावी लागंल, बाळा."

मला राग आला, असा राग की सांगता सोय नाही. "धरा की!" मी म्हटलं. "खुशाल धरा. माझं काय जातंय?" आणि आत जाऊन भांडी आदळायला लागले. आबांची ती जागा जावी असं मला वाटत नव्हतं, देवाशपथ. पण त्यांनी माझ्याविरुद्ध जी म्हणावं हेही सोसवत नव्हतं. दोन्ही एकदम कसं होणार?

वर्धापनदिनाला मी गेले. आई म्हणाली नको जाऊ, म्हणून तर गेलेच. चौकात स्टेज, पताका, खुर्च्या भरलेल्या. दिवेलागणीची वेळ. स्टेजच्या कडेला थोरले शाहीर खुर्चीत बसलेले, मांडीवर रिकामे हात. मधे धाकले, पांढरा फेटा. आणि उजव्या हाताला आबा, दुसऱ्या झीलकऱ्यासोबत. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहिले. दोघीतिघींनी मला बघून कोपरानं कोपराला खुणावलं.

आधी दोन नेहमीचे पोवाडे झाले. आबांची झील कडक होती, पताका हलतील अशी. मग धाकल्यांनी डोळे मिटले. मंगळवारात दार उघडं... चौक एकदम शांत. रांगोळी झाली, पाणी झालं, भोळी नजर झाली. "फिरला शब्द, अन् माघारी आली रिकामी माझी सवारी!" धाकल्यांनी ओळ सोडली आणि दम घ्यायला थांबले.

झील आली नाही.

दुसरा झीलकरी नेहमी आबांच्या ओठांकडं बघून उचलायचा. आबांचे ओठ मिटलेले. त्यानं एकट्यानं "जी..." केलं आणि तो जी मधेच विझला. तुणतुणं एकटंच तुणतुणत राहिलं. पोवाड्यात झील चुकली तर शाहीर तीच ओळ पुन्हा टाकतो, मागच्यांना सावरायला. धाकल्यांनी मागं बघत ओळ पुन्हा टाकली. पुन्हा काही नाही. लोक चुळबुळायला लागले. तिसऱ्यांदा धाकल्यांनी दात-ओठ खात ओळ म्हटली आणि हातानं इशारा केला.

आबा एक पाऊल पुढं आले, माइकजवळ. मला वाटलं आता म्हणतील. मी डोळे मिटून घेतले.

"ह्या कडव्याला माझा जी न्हाय," आबा म्हणाले.

आबांनी झांजा छातीशी धरल्या. "शब्द पोरीनं दिला न्हवता. तिनं पहिल्या दिवशीच न्हाय म्हटलंतं. जी म्हणालो त्यो मी. मला न्हाय म्हणायला धाडलंतं आणि मी बर्फी खाऊन आलो. दोष द्यायचा तर मला द्या, माझ्या लेकीला न्हाय."

कुणीतरी मागं फिसकन हसलं, बर्फीवर असणार. मग आबांनी झांजा खाली ठेवल्या, अलगद, आवाज होऊ न देता, आणि पायऱ्या उतरून खाली आले. बायका बाजूला झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "बरं केलंस रं बाबा." मी आबांचा हात धरला.

मागून थोरल्या शाहिरांचा खोकत खोकत आवाज आला, "दुसरा पोवाडा घ्या." बस्स, तेवढंच. आम्ही मागं वळून बघितलं नाही.

वाटेत आबा फेटा सोडत चालले होते. अर्धा रस्ता संपला. मग ते म्हणाले, "एक इचारू? त्यो पोरगा तुला का नको वाटला गं?"

मी थांबलेच. एवढ्या दिवसांत मला सगळ्यांनी 'कशी नाही म्हणालीस' विचारलं होतं. ऐकून घ्यायला म्हणून 'का' असं पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी सांगितलं. बशीतला चहा, तिन्ही तुटलेली वाक्यं, सगळं. आबा ऐकत राहिले. "मी तितंच बसलोतो की," ते म्हणाले. "मला कसं दिसलं न्हाय?" आणि थोडं पुढं गेल्यावर, "चांगलं केलंस."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण सगळा नाही. कारण त्यानंतर आबांच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. कामावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि ज्या वेळी फडाचा सराव असायचा त्या वेळी दारात येऊन उभे राहायचे. शेजारच्या गल्लीतून डफ ऐकू यायचा. आबा चौकटीवर बोटांनी ताल धरायचे आणि मग आत येऊन टीव्ही लावायचे, आवाज मोठा करून. त्यांच्या जागेवर नवा गडी उभा राहिला होता. कुणी आबांना बोलावलं नाही. आबा मला एका शब्दानं काही बोलले नाहीत, आणि म्हणूनच मला ते बघवत नव्हतं. नकार माझा होता आणि त्याची किंमत त्या दारात उभ्या माणसानं मोजली होती.

मग एका संध्याकाळी आबांचा फोन वाजला. स्क्रीनवर शाहिरांचं नाव. आईनं गॅस बंद केला. आबा फोन हातात घेऊन नुसते बघत बसले, तेव्हा मीच तो स्पीकरवर लावला.

"गड्या," शाहिरांचा आवाज दम्यानं फाटलेला होता. "रविवारी गारगोटीला कार्यक्रम हाय. नवा गडी झील सोडतोय. फड बसला समदा. ये की."

आबांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. "जी, येतो की," ते म्हणाले.

"पण एक हाय. गारगोटीकरांनी पोराचा त्यो नवा पोवाडा मागितलाय. त्येबी म्हणावा लागणार."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून सांगत होते, म्हणा, म्हणा, माझं काही नाही, जावा तुम्ही. मनापासून सांगत होते. गारगोटीत मला कोण ओळखतंय? आई पदर तोंडावर धरून उभी. आबांनी फोन तोंडाजवळ धरला.

"न्हाय, शाहीर," ते म्हणाले. "बाकीचे समदे धरतो. त्यो न्हाय."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा. मला वाटलं, संपलं. आता ती जागा कायमची गेली. आबांनी डोळे मिटून घेतले होते, मार खायला तयार असल्यासारखे.

"बरं," शाहीर म्हणाले. "तेवढ्याला मी उभा ऱ्हातो. त्येची झील मी धरीन. पोरगं माझं हाय न्हवं? तुझी लेक तुझी, माझा ल्योक माझा. सकाळी लौकर ये, गाडी सातला निघती."

फोन बंद झाला. आईनं गॅस पुन्हा लावला, पण त्यावर काही ठेवलं नाही. आबा हातातल्या फोनकडं बघत होते.

"बरं म्हणाले," आबा म्हणाले. "मी न्हाय म्हणालो, आणि शाहीर बरं म्हणाले." ते उठले, दोन पावलं गेले, पुन्हा माझ्यापाशी आले. डोळे भरलेले होते, आणि तोंडभर हसू. "न्हाय म्हणून बी माणूस तुटत न्हाय गं! तुला हे पहिल्यापासनं म्हाईत हुतं व्हय?"

"न्हाय, आबा," मी म्हटलं. "मलाबी आत्ताच कळलं."